सव्वीस टक्के

जुन्या जालन्यात आमच्या दादाचे एक लहानसे वर्कशॉप आहे. बियाणे साफ करण्याच्या यंत्रांना ज्या छिद्रांच्या पत्र्याच्या जाळ्या लागतात, त्या तो करून देतो. शिवाय जुन्या यंत्रांची दुरुस्तीही करतो. सहा माणसे कामाला आहेत. हंगामाच्या आधी रात्री बारापर्यंत वेल्डिंगचा उजेड आमच्या गल्लीत पडत असतो आणि हंगाम सरला की दादा उधारीची वही उघडून बसतो. गेल्या दिवाळीनंतर छत्रपती संभाजीनगरचे एक गृहस्थ घरी आले. त्यांनी स्वतःचा कारखाना वीस वर्षे चालवून विकून टाकला आहे आणि आता ते, त्यांच्याच शब्दांत, "चालत्या धंद्यात पैसे घालतात." चहा झाल्यावर त्यांनी सरळच सांगितले, "सव्वीस लाख देतो. सव्वीस टक्के द्या."

अण्णांना वाटले, हे व्याजाचे बोलणे आहे. "सव्वीस टक्के व्याज? सावकारही इतके घेत नाही हो!" ते गृहस्थ हसले. व्याज नको, हिस्सा हवा, असे त्यांनी समजावून सांगितले. ते गेल्यावर घरातले सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी! खरे सांगायचे तर त्या दिवशी मला काहीच उत्तर देता आले नाही. आमच्या पाठ्यपुस्तकात भांडवलाची व्याख्या आहे, प्रकार आहेत, पण घरी येऊन चहा पिणारे भांडवल त्यात नाही. त्यानंतर मी सरांना विचारले, ग्रंथालयात शोधले, एका हिशेबनीसांचे डोके खाल्ले. हा लेख म्हणजे दादाला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

प्रथम साधी गोष्ट. धंद्याला पैसा दोन वाटांनी मिळतो. एक कर्ज. ते ठरल्या तारखेला व्याजासह परत करावे लागते; धंदा बुडाला तरी बँकेचा हप्ता बुडत नाही. दुसरी वाट हिश्शाची. यात पैसे देणारा माणूस मालकीत वाटेकरी होतो. नफा झाला तर त्याचा, तोटा झाला तर त्याचाही. त्याला हप्ता नाही; पण घरात त्याचे पाऊल आले ते आले. हिश्शाच्या पैशातही पुन्हा भेद आहे. नुसती कल्पना आहे, माल अजून बाजारात नाही, अशा धंद्यात जो पैसा घालतो त्याला साहसी भांडवल म्हणतात. दहा ठिकाणी घालावे आणि एकदोन ठिकाणी उगवावे, असा तो प्रकार. याउलट धंदा चालू आहे, गिऱ्हाईक आहे, चार पैसे सुटत आहेत, पण दुसरी शेड बांधायला, मोठे यंत्र आणायला हात पोहोचत नाही, अशा ठिकाणी जो पैसा येतो त्याला इंग्रजी वर्तमानपत्रे 'ग्रोथ इक्विटी' म्हणतात. आपण त्याला वाढीचे भांडवल म्हणू. हा माणूस सहसा सगळा धंदा विकत घेत नाही. अर्ध्याहून कमी हिस्सा घेतो, मूळ मालकाला गादीवरच ठेवतो आणि काही वर्षांनी आपला हिस्सा जास्त भावाने विकून बाहेर पडतो.

हे सारे मुंबई-बंगळूरचे प्रकार, आपल्या कुंडलिकेच्या काठी त्याचे काय, असे वाचकांना वाटेल. मलाही तसेच वाटले होते. पण 'सव्वीस' हा आकडा ऐकताच आमचे सर म्हणाले, "अगं, हा आकडा जालन्याला नवा नाही. महिकोचा इतिहास वाच."

महिको म्हणजे महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, आणि तिचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले. जालन्यात ही नावे ठाऊक नसलेला माणूस सापडणे कठीण. पण ठाऊक असणे वेगळे आणि समजणे वेगळे. बारवाले मूळचे हिंगोलीचे. तरुणपणी हैदराबाद मुक्तिसंग्रामात त्यांनी भाग घेतला. शेतीशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. बियाण्याच्या धंद्यात ते शिरले ते भेंडीच्या मार्गाने. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'पुसा सावनी' नावाचा भेंडीचा वाण काढला होता. भेंडीची पाने पिवळी पाडणारा केवडा रोग त्या काळी या वाणावर सहजासहजी येत नसे. बारवाल्यांनी त्याचे बी वाढवून विकले. वाण सरकारी संस्थेचा, शास्त्र शास्त्रज्ञांचे. बारवाल्यांनी ओळखले ते इतकेच, की चांगले बी प्रयोगशाळेत असून उपयोग नाही, ते पेरणीच्या आधी शेतकऱ्याच्या हातात पडले पाहिजे. आज हे फार साधे वाटते. त्या काळी बियाणे म्हणजे कणगीतले धान्य, ते विकत आणावयाची वस्तू आहे हेच बहुतेकांना मान्य नव्हते.

१९६४ साली महिको स्थापन झाली. काळही अनुकूल होता. संकरित मका १९६१ मध्ये आला होता, १९६३ मध्ये राष्ट्रीय बीज निगम निघाले होते, १९६४ मध्ये संकरित ज्वारीचा 'सीएसएच-१' आणि १९६५ मध्ये संकरित बाजरी आली. दिल्लीत रॉकफेलर फाउंडेशनचे शास्त्रज्ञ भारतीय शास्त्रज्ञांबरोबर काम करीत होते आणि बियाणे तयार करणाऱ्या खासगी मंडळींना उत्तेजन देत होते. पुढे १९६६ मध्ये बियाणे कायदा झाला.

येथे संकरित बियाण्याची एक खोड सांगितली पाहिजे, कारण सारे अर्थशास्त्र त्या खोडीवर उभे आहे. दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून जे पहिल्या पिढीचे बी होते, ते जोमदार येते. पण त्या पिकातले दाणे ठेवून पुढच्या वर्षी पेरले तर तो जोम राहत नाही आणि झाडेही एकसारखी येत नाहीत. म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी नवे बी घ्यावे लागते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही अडचण, कंपनीच्या दृष्टीने हाच धंद्याचा पाया. दरवर्षी गिऱ्हाईक परत येते म्हटल्यावरच भांडवलाचे लक्ष तिकडे जाते.

आणि हे बी तयार कोण करते? कंपनी नव्हे. कंपनी नर आणि मादी वाणांचे मूळ बी देते, शेतकरी आपल्या रानात त्याचा प्लॉट घेतो. हे मला पुस्तकात वाचण्याची गरज पडली नाही, आईला विचारले. आईचे माहेर बदनापूरकडे. लग्नाआधी दोन हंगाम ती कापसाच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जात होती. दुपारनंतर मादीच्या ओळीत शिरायचे, उद्या उमलणारी कळी हेरायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि आतले पिवळे परागकोश अलगद काढायचे. मधला दांडा दुखावला तर बोंड गेले. मग त्यावर लाल कागदाची पिशवी अडकवायची, म्हणजे सकाळी ती कळी लांबून दिसते. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचे फूल आणून त्याचा पराग त्या दांड्यावर टेकवायचा. हे दररोज, दोन महिने, हजारो कळ्यांवर. आई आजही भेंडी चिरताना अंगठ्याचे नख ज्या पद्धतीने चालवते ते पाहण्यासारखे आहे! आजूबाजूच्या पिकांपासून प्लॉट ठरावीक अंतरावर ठेवावा लागतो, वेगळे दिसणारे झाड उपटून टाकावे लागते, आणि शेवटी बियाण्याची शुद्धता व उगवण तपासून मगच ठरलेल्या भावाने पैसे मिळतात. मध्येच पाऊस आला तर पराग धुऊन जातो, पण मजुरी द्यावीच लागते. आई म्हणाली, "बी त्यांचं, रान आपलं, पाऊस मात्र कुणाचाच नाही."

आईचे हे वाक्य मला आमच्या पाठ्यपुस्तकातल्या जोखमीवरच्या प्रकरणापेक्षा जास्त उपयोगी पडले. कारण बारवाल्यांनी उभी केलेली व्यवस्था नीट पाहिली तर ती भांडवल गुंतविण्याचीच व्यवस्था आहे. स्वतः हजारो एकर जमीन विकत घेण्याऐवजी त्यांनी लहान लहान शेतकऱ्यांच्या रानात आपले मूळ बी, आपले तंत्र आणि माल घेण्याची हमी गुंतविली. रान, घरची माणसे आणि पावसाचा धोका शेतकऱ्याचा. माल शुद्ध निघाला तर दोघांचे भले. जो शेतकरी एरवी ज्वारी-बाजरीवर वर्ष काढीत असे, त्याला प्लॉटवर नेहमीच्या पिकापेक्षा जास्त पैसा दिसू लागला. जालन्याला बियाण्याची राजधानी म्हणतात ती या प्लॉटवाल्यांच्या जिवावर. पुढे इतरही अनेक कंपन्या येथे आल्या. आमच्या दादाच्या जाळ्यांना गिऱ्हाईक मिळते तेही त्यामुळेच. धोक्याची वाटणी बरोबरीची होती का? माझ्या मते नव्हती. निसर्गाचा धोका जवळजवळ पूर्ण शेतकऱ्याकडे राहिला. पण कंपनीही मोकळी नव्हती. या हंगामात घेतलेल्या बियाण्याचे पैसे शेतकऱ्याला आधी द्यायचे आणि ते बी पुढच्या जून महिन्यात विकायचे, म्हणजे विक्री जितकी वाढेल तितका पैसा आधी अडकतो. वाढता धंदा पैशाला भुकेला असतो, हे दादालाही ठाऊक आहे. फक्त त्याला तो स्वतःचा दोष वाटत होता.

सुरुवातीला महिको सरकारी संस्थांनी काढलेल्या वाणांचे बी तयार करीत असे. मग तिने स्वतःचे संशोधन सुरू केले, आणि खर्चाचे खरे गणित येथून बदलते. एखादा नवा संकरित वाण काढायचा म्हणजे त्याचे आईबाप वाण पिढ्यानपिढ्या शुद्ध करीत न्यावे लागतात. आठदहा वर्षे खर्च, आणि शेवटी वाण चांगला निघेलच असे नाही. बँक अशा कामाला कर्ज कशाच्या तारणावर देणार? प्रयोगाच्या रानातल्या कणसांच्या? हप्ता मागणारा पैसा येथे चालत नाही. थांबणारा पैसा लागतो.

१९८८ साली केंद्र सरकारचे नवे बियाणे धोरण आले आणि परदेशी बियाणे व तंत्र येण्याची वाट मोकळी झाली. १९९१ नंतर एकूणच दारे उघडली. कापसाच्या बोंडअळीला मारणारे बीटी जनुक अमेरिकेतील सेंट लुईस येथील मोन्सँटो कंपनीकडे होते. महिकोने १९९६ मध्ये तिचे बीटी कापसाचे थोडेसे बी आणून आपल्या वाणांशी त्याचा संकर सुरू केला. १९९८ मध्ये मोन्सँटोने महिकोचा हिस्सा विकत घेतला. किती? सव्वीस टक्के! याच सुमारास दोघांनी निम्म्या-निम्म्या हिश्शाची वेगळी कंपनीही काढली, जी हे जनुक इतर बियाणे कंपन्यांना शुल्क घेऊन वापरावयास देऊ लागली. आणि योगायोग असा, की त्याच १९९८ साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. नॉर्मन बोरलॉग यांच्या पुढाकाराने सुरू झालेला हा पुरस्कार १९८७ मध्ये पहिल्यांदा मिळाला तो डॉ. स्वामीनाथन यांना, १९८९ मध्ये डॉ. कुरियन यांना. त्या पंक्तीत जालन्याचा माणूस बसला. २००१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

नेमके बोलायचे तर मोन्सँटो ही काही नुसते पैसे गुंतविणारी मंडळी नव्हती. तिला आपल्या जनुकासाठी भारतात घर हवे होते. असा भागीदार पैशाबरोबर तंत्र आणतो आणि आपला हेतूही आणतो. पण हिश्शाचा नियम दोन्हीकडे एकच, म्हणून प्रश्न राहतोच की सव्वीस का? पंचवीस का नाही, तीस का नाही?

याचे उत्तर कंपनी कायद्यात आहे. आपल्याकडे कंपनीतले साधे निर्णय निम्म्याहून अधिक मतांनी होतात. परंतु काही मोठ्या निर्णयांना 'विशेष ठराव' लागतो: कंपनीचे नाव बदलणे, तिची उद्दिष्टे किंवा नियमावली बदलणे, बाहेरच्या माणसाला नवे भाग देणे असे निर्णय त्यात येतात. ठरावाच्या बाजूची मते विरोधी मतांच्या निदान तिप्पट असावी लागतात. म्हणजे पंचाहत्तर विरुद्ध पंचवीस झाले तर ठराव पास. पण विरोधात सव्वीस असतील तर उरतात चौऱ्याहत्तर, आणि चौऱ्याहत्तर काही सव्वीसच्या तिप्पट नाहीत. १९५६ च्या कायद्यात हे होते आणि २०१३ च्या कायद्यातही आहे. म्हणजे सव्वीस टक्केवाला एकटा काही करू शकत नाही, परंतु एकटा पुष्कळ काही अडवू शकतो. किल्ली मालकाच्या हाती, पण आतून कडी लावण्याचा अधिकार पाहुण्याकडे! हे समजले तेव्हा मी वही मिटून थेट वर्कशॉपवर गेले आणि दादाला वेल्डिंग थांबवायला लावले.

मग महिकोचे काय झाले? पाहुण्याने घर गिळले असे झाले नाही. कारभार बारवाले कुटुंबाकडे राहिला. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. पहिले तीन वाण महिकोचेच होते. बोंडअळीच्या फवाऱ्या कमी झाल्या आणि कापसाचे क्षेत्र झपाट्याने बीटीखाली गेले. पण भागीदाराचे भांडणही घरात येते. जनुकाच्या शुल्कामुळे साडेचारशे ग्रॅमची थैली सोळाशे रुपयांच्या पुढे गेली. आंध्र प्रदेश सरकार त्याविरुद्ध उभे राहिले आणि २००६ मध्ये भाव साडेसातशेवर आणावा लागला. पुढे गुलाबी बोंडअळी या जनुकालाही दाद देईनाशी झाली. २०१० मध्ये बीटी वांग्याला केंद्राने स्थगिती दिली. जगभर मोन्सँटोवर जो राग निघे त्याचे शिंतोडे जालन्यापर्यंत उडत. आणि २०१८ मध्ये जर्मनीच्या बायरने ती मोन्सँटोच विकत घेतली. एका दिवसात आपल्या भागीदाराचा धनी बदलतो आणि तुम्हाला कोणी विचारतही नाही, ही गोष्ट मी दादाच्या कागदावर लाल शाईने लिहिली. बारवाले २४ जुलै २०१७ रोजी गेले. हे पाहावयास ते नव्हते. त्यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये उभे राहिलेले श्री गणपती नेत्रालय आज मराठवाडा-विदर्भातल्या लोकांना परिचित आहे. माझ्या आजीचा मोतीबिंदू तेथेच काढला.

बारवाले शेवटपर्यंत उद्योजकच राहिले. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनी मात्र खुर्ची बदलली आहे. आधी धंदा केला, आता दुसऱ्याच्या धंद्यात पैसा घालतात. याचे मोठे उदाहरण शोधता मला सातासमुद्रापलीकडे एक मराठी आडनाव सापडले. विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा, १९५७ चा. अमेरिकेत एमआयटीत शिकून त्यांनी शेअरबाजारातली माहिती क्षणात सगळ्या संगणकांवर पोहोचविणारी प्रणाली तयार केली. ती कंपनी रॉयटर्सने घेतली. मग १९९७ मध्ये टिब्को आली, १९९९ मध्ये तिचे भाग बाजारात आले, आणि २०१४ मध्ये सुमारे ४.३ अब्ज डॉलरला ती विकली गेली. त्यानंतर २०१६ मध्ये त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाला बरोबर घेऊन बो कॅपिटल हा गुंतवणूक निधी काढला. ज्याने स्वतः पगाराच्या तारखेची धास्ती घेतली आहे त्याला दुसऱ्याचा ताळेबंद वाचताना काय लपविले आहे ते चटकन दिसते, हा अशा माणसाचा फायदा. तोटा असा की त्याला स्वस्थ बसवत नाही. माझ्या कारखान्यात आम्ही असे करीत होतो, हे वाक्य तो दर भेटीत बोलणार. आमच्या गृहस्थांनी पहिल्याच चहाला ते दोनदा म्हटले.

शिवाय अशा निधीतला पैसा बहुधा इतरांचा असतो, विद्यापीठांचा, निवृत्तिवेतनाचा. तो साधारण दहा वर्षांत परत द्यायचा असतो. म्हणून पैसे घालणारा दारातून आत येतानाच बाहेर पडण्याचे दार कोठे आहे ते पाहून ठेवतो. यात फसवणूक काही नाही, पण आपणही ते दार पाहून ठेवावे. तो आपला हिस्सा कोणाला विकणार? आधी आपल्याला विचारणार का?

आता दादाच्या कागदाकडे वळते. सव्वीस लाखांना सव्वीस टक्के म्हणजे पैसे आल्यानंतर पूर्ण धंद्याची किंमत एक कोटी धरली. त्यातले सव्वीस लाख तर नव्यानेच आले, तेव्हा आजच्या वर्कशॉपची किंमत त्यांनी चौऱ्याहत्तर लाख लावली आहे. दादाला हे कळल्यावर तो जरा खुलला. त्याची स्वतःची समजूत चाळीसच्या आसपास होती. दुसरे, पैसा गल्ल्यात येणार की दादाच्या खिशात? गल्ल्यात आला तर यंत्र येते. दादाने आपलाच हिस्सा विकला तर पैसा दादाचा आणि धंदा होता तेथेच. तिसरी गोष्ट हिशेबनीसांनी दाखविली, ती मला सुचलीच नव्हती. दादाचे वर्कशॉप ही कंपनी नाहीच. ते एकट्याच्या नावावर आहे. या गृहस्थांना तसेच भागीदार करून घेतले तर १९३२ चा भागीदारी कायदा लागू होईल. तेथे धंद्याचे स्वरूप बदलायला सगळ्या भागीदारांची संमती लागते, मग हिस्सा सव्वीस असो की सहा. आणि धंद्याच्या देण्यापायी प्रत्येक भागीदाराच्या घरादारापर्यंत हात पोहोचू शकतो. म्हणजे आधी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करायची, मगच टक्क्यांची भाषा. त्यातही करारात वेगळे हक्क लिहून घेतले तर दहा टक्केवालाही कडी लावू शकतो, म्हणून करार ओळ न् ओळ वाचायचा.

गेल्या रविवारी ते गृहस्थ पुन्हा आले. दादाने कंपनी काढण्याचे कबूल केले, पैसा नव्या कटिंग मशीनला आणि मागच्या शेडला जाईल असे लिहून मागितले, आणि हिस्सा विकताना पहिला हक्क आपला, हेही मागितले. ते सगळ्याला मान डोलावीत होते. अण्णा इतका वेळ काही बोलले नव्हते. त्यांनी कागद पुढे ओढला, पेन्सिलने 'सव्वीस' खोडून 'चोवीस' लिहिले आणि वरच्या रकमेतही तितकाच फरक केला. गृहस्थांनी चष्मा काढून पुसला, म्हणाले, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" आईने स्वयंपाकघरातून माझे नाव सांगितले. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. लेख संपादकांकडे देईपर्यंत त्यांचा निरोप आलेला नाही. दादाने मात्र मागच्या शेडची जागा मोजून घेतली आहे.